ठिकाणे पाच, पडदा एक : व्हिडिओ कॉन्फरन्सच्या जुन्या यंत्रावर कोणती ‘ऑप्शन की’ घ्यावी?

आपला प्रश्न मला समजला तो असा. सांगलीला मुख्य कार्यालय असलेल्या एका नागरी सहकारी बँकेचा संगणक विभाग आपण सांभाळता. मुख्य कार्यालयाच्या सभागृहात पॉलिकॉमचे ग्रुप ५०० हे यंत्र आहे. कोल्हापूर, सोलापूर आणि रत्नागिरी येथे त्याच कंपनीची जुनी एचडीएक्स ७००० यंत्रे आहेत आणि पुण्यात ग्रुप ३१० आहे. आजवर ही यंत्रे एका वेळी दोन ठिकाणे एवढ्यापुरतीच वापरली गेली. आता अध्यक्षांना दरमहा आढावा बैठक चारही शाखांसह एकाच वेळी घ्यायची आहे आणि पुढील वर्षी सातारा व लातूर येथे आणखी दोन शाखा सुरू होणार आहेत. पुरवठादाराने चार बाबींचे कोटेशन दिले आहे : सहा ठिकाणे जोडणारी मल्टिपॉइंट की, १०८०पीची (चित्र अधिक बारकाईने दाखवणारी) की, स्काइप फॉर बिझनेसची की आणि एक वर्षाचा सॉफ्टवेअर सपोर्ट. यांपैकी काय घ्यावे, की हे सगळे सोडून झूम किंवा टीम्स घ्यावे, असे आपण विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे या यंत्रांची जुळणी आणि देखभाल करतो. मी सुरुवात केली तेव्हा तीन आयएसडीएन (जुन्या डिजिटल टेलिफोनच्या) जोडण्या एकत्र बांधून ३८४ केबीपीएसचा कॉल लागला की सभागृहात पेढे वाटायचेच काय ते बाकी असायचे. आज लाइनी कितीतरी मोठ्या झाल्या, तरी कोटेशनमध्ये लिहिलेल्या गोष्टींपेक्षा न लिहिलेल्या गोष्टींमुळेच बैठका अधिक बिघडतात, हा अनुभव तसाच आहे. आपल्या चार बाबींच्या मागे मला एकच प्रश्न दिसतो : पाच ठिकाणांची चित्रे आणि आवाज एकत्र करण्याचे काम कोणी करायचे, आणि ते करण्याचा भार कोणाच्या लाइनवर पडणार? याचे उत्तर आपल्या लाइनवर, बैठकीत बाहेरची माणसे किती असतात यावर आणि यंत्राचे किती आयुष्य उरले आहे यावर अवलंबून आहे. म्हणून सरळ ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असे मी लिहीत नाही. हिशेब कसा करायचा ते लिहितो.

प्रथम ऑप्शन की म्हणजे काय ते स्पष्ट करतो, कारण कोटेशन वाचून पुष्कळांची समजूत अशी होते की पेटीत काहीतरी नवीन बसवले जाणार आहे. तसे काही होत नाही. चित्रे एकत्र करण्याची क्षमता त्या पेटीत कारखान्यातूनच आलेली असते. ती कुलूपबंद असते आणि आपण पैसे देतो ते कुलूप उघडणाऱ्या अक्षर-आकड्यांच्या एका ओळीचे. ही ओळ त्या यंत्राच्या सिरीयल नंबरशी बांधलेली असते, त्यामुळे सांगलीच्या यंत्राची की पुण्याच्या यंत्राला चालत नाही. यंत्र कायमचे बंद पडले तर कीसुद्धा त्याच्याबरोबर जाते. बदली यंत्रावर ती पुन्हा मिळवायची असेल तर उत्पादकाचा सपोर्ट चालू असावा लागतो. म्हणून कोटेशनवर सही करण्यापूर्वी यंत्राच्या सिस्टिम माहितीच्या पानावर जाऊन कोणते ऑप्शन आधीच उघडलेले आहेत ते पाहावे. एका शिक्षणसंस्थेत मी मल्टिपॉइंटची की विकायला गेलो होतो आणि ती त्यांनी तीन वर्षांपूर्वीच विकत घेतलेली निघाली. कीचा कागद लेखा विभागाच्या फाइलमध्ये बिलाला टाचलेला होता आणि ती यंत्रात भरायची असते हे कोणी कोणाला सांगितलेच नव्हते. माझी विक्री बुडाली, पण ती संस्था अजून माझी गिऱ्हाईक आहे.

आता मोजणी. ‘सहा ठिकाणे’ या शब्दांत आपले स्वतःचे ठिकाण धरलेले असते, आणि नेमके इथेच आपले कोटेशन पुढच्या वर्षी तोकडे पडणार आहे. ग्रुप ५०० वर स्वतः धरून सहा म्हणजे बाहेरची पाच ठिकाणे जोडता येतात. त्याच मालिकेतील ग्रुप ७०० वर स्वतः धरून आठ. सिस्कोच्या एसएक्स२० वर हाच आकडा स्वतः धरून चार आहे. आज आपली ठिकाणे पाच आहेत, म्हणजे एक जागा शिल्लक राहते. सातारा आणि लातूर धरले की एकूण सात होतात आणि एक शाखा बाहेर राहते. अशा वेळी दोन यंत्रांची मल्टिपॉइंट क्षमता एकमेकांना साखळीसारखी जोडण्याचा उपाय सुचवला जातो. काही यंत्रांत तो चालतोही, परंतु मग एका टोकाच्या शाखा दुसऱ्या टोकाला एकाच चौकटीत दाटीवाटीने दिसतात, आणि कोण बोलते आहे हे आवाजावरून ओळखावे लागते. मासिक बैठकीसाठी मी हा उपाय सुचवणार नाही. त्यापेक्षा कोल्हापूरचे व्यवस्थापक महिन्यातून एकदा सांगलीला येऊन बसले तर अधिक बरे. पन्नासेक किलोमीटरचा प्रवास ही या प्रश्नावरची सर्वांत स्वस्त ऑप्शन की आहे. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही, दोन गिऱ्हाइकांकडे प्रत्यक्षात हीच व्यवस्था चालू आहे.

मोजणी जमली तर पुढचा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा लाइनचा. यंत्राच्या आत मल्टिपॉइंट चालू असते तेव्हा सगळ्या शाखा एकमेकींशी थेट बोलत नाहीत. त्या सगळ्या होस्ट, म्हणजे मल्टिपॉइंट चालवणाऱ्या, यंत्राशी बोलतात. होस्ट प्रत्येक शाखेचे चित्र उलगडतो, सगळ्यांची मिळून एक चौकट तयार करतो आणि ती प्रत्येकाला परत पाठवतो. त्यामुळे शाखेला एका कॉलएवढीच लाइन लागते, पण होस्टला सगळ्या कॉलची बेरीज लागते, तीही दोन्ही दिशांना. प्रत्येक शाखेचा कॉल १०२४ केबीपीएसचा धरला तर चार शाखांचे सुमारे ४ एमबीपीएस होतात. पॅकेटच्या, म्हणजे लाइनवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांच्या, आवरणासाठी आणखी वीस टक्के धरावेत, म्हणजे सांगलीहून बाहेर जाणारे ५ एमबीपीएस आणि आत येणारे ५ एमबीपीएस. पाच शाखा झाल्या तर हाच आकडा ६ होतो. आकडा लहान वाटतो, परंतु तो बैठकीच्या दोन तासांत अखंड मिळावा लागतो. ब्रॉडबँडच्या जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा खाली उतरणाऱ्या वेगाचा असतो आणि आपला प्रश्न वर जाणाऱ्या वेगाचा आहे. लीज्ड लाइनवर, म्हणजे फक्त आपल्यासाठी राखून घेतलेल्या लाइनवर, दोन्ही वेग सारखे असतात, म्हणून होस्ट तिथेच असावा जिथे लीज्ड लाइन आहे. अध्यक्ष जिथे बसतात तिथेच तो असावा असे काही नाही. आपल्या बाबतीत मात्र मल्टिपॉइंट चालवू शकणारे नवे यंत्र सांगलीलाच आहे आणि पुण्याच्या ग्रुप ३१० ला ही सोयच नाही, त्यामुळे सांगलीची लाइन पुरेशी नसेल तर आधी लाइन आणि मग की, हाच क्रम ठेवावा लागेल.

बँकेच्या बाबतीत एक जास्तीची काळजी घ्यावी लागते आणि ती पुरवठादार सहसा सांगत नाहीत, कारण तिच्यात त्यांच्याकडून विकत घेण्यासारखे काही नसते. शाखेतून येणारी लाइन बहुधा एकच असते आणि तिच्यावरूनच सीबीएसचे, म्हणजे बँकेच्या मध्यवर्ती संगणक प्रणालीचे, व्यवहार चालतात. दोन एमबीपीएसच्या लाइनवर सव्वा एमबीपीएस चित्राला गेले की काउंटरवर पासबुक छापायला उभा असलेला ग्राहक ताटकळतो, आणि मग शाखाधिकारी बैठक सुरू असतानाच हळूच कॉल तोडून टाकतात. यावर दोन उपाय आहेत. पहिला, राउटरवर क्यूओएस, म्हणजे अग्रक्रमाचे नियम, लावून सीबीएसला पहिला आणि आवाजाला दुसरा अग्रक्रम द्यायचा, चित्राला त्यानंतरचा. यंत्र पॅकेटवर करते त्या अग्रक्रमाच्या खुणा आणि राउटरवरील नियम एकमेकांशी जुळतात का हे मात्र सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याबरोबर बसून तपासावे, कारण एका बाजूने खूण केली आणि दुसऱ्या बाजूने ती वाचलीच नाही, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. दुसरा उपाय बिनखर्चाचा आहे : बैठक सकाळी अकराला न ठेवता काउंटर बंद झाल्यानंतर ठेवायची. मला विचाराल तर दोन्ही उपाय करावेत.

शाखेचा कॉल ५१२ केबीपीएसवर आणला तरी चालते हेही लक्षात घ्यावे. ग्रुप मालिकेच्या यंत्रांवर ७२०पी चित्र सेकंदाला ३० फ्रेमने ५१२ केबीपीएसपासून मिळते. १०८०पी ला त्याच फ्रेमने १०२४ आणि ६० फ्रेमने १७४० केबीपीएस लागतात. रत्नागिरीची लाइन अशक्त असेल तर तिला ५१२ वर ठेवून बाकीच्यांना १०२४ वर ठेवता येते का, हे होस्ट यंत्र प्रत्येक शाखेसाठी चित्र वेगळे तयार करते की सगळ्यांना एकच चित्र पाठवते यावर ठरते. काही यंत्रांत सर्वांत मंद शाखा सगळ्यांना आपल्या पातळीवर ओढून आणते. कोटेशनमध्ये हे कधीही लिहिलेले नसते. पुरवठादाराला लेखी विचारावे आणि उत्तर लेखीच घ्यावे.

शाखेतून शाखेकडे जाणारा आवाज सांगलीमार्गे फिरून जातो, हेही विसरू नये. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ या शिफारशीत एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असे म्हटले आहे. सोलापूरचा आवाज सांगलीला येऊन तिथे उलगडून, मिसळून, पुन्हा बांधून रत्नागिरीला जातो, तेव्हा ही मर्यादा ओलांडणे अवघड नसते. विलंब वाढला की लोक एकमेकांचे बोलणे तोडू लागतात आणि दोघेही ‘तुम्ही बोला, तुम्ही बोला’ करत राहतात. एका वेळी दोन ठिकाणांचा कॉल उत्तम चालतो म्हणून पाच ठिकाणांचाही चालेल, असे गृहीत धरू नये.

वीज हा विषय किरकोळ वाटतो, परंतु मल्टिपॉइंटमध्ये तो किरकोळ राहत नाही. दोन ठिकाणांच्या कॉलमध्ये वीज गेली तर एक कॉल तुटतो. होस्टची वीज गेली तर सगळी बैठक तुटते. वीज जाणे आणि जनरेटरने भार घेणे यांच्यामधले ते काही सेकंद यंत्राला पुन्हा सुरू व्हायला लावतात. यंत्र उभे राहून सगळ्या शाखा परत जोडल्या जाईपर्यंत अध्यक्षांचे वाक्य अर्धवट राहिलेले असते आणि आपला फोन वाजत असतो. होस्ट यंत्र, त्याचा नेटवर्क स्विच आणि राउटर, हे तिन्ही यूपीएसवर असावेत. यंत्र यूपीएसवर आणि स्विच भिंतीच्या साध्या प्लगवर, ही चूक मी स्वतः एकदा केली आहे.

आता बाहेरच्या जगाचा प्रश्न, कारण झूम आणि टीम्सचा निर्णय इथेच होतो. आपण झूमच्या बैठकीत जाता तेव्हा चित्रे एकत्र करण्याचे काम झूमच्या सर्व्हरवर होते आणि आपल्या यंत्रावर फक्त एक कॉल असतो. म्हणजे तिथे मल्टिपॉइंट कीचा काहीही उपयोग नसतो. दुसरे असे की ही जुनी यंत्रे एच.३२३ आणि एसआयपी या भाषा बोलतात आणि टीम्स त्या थेट समजत नाही. झूमला अशा यंत्रांसाठी कॉन्फरन्स रूम कनेक्टर नावाची वेगळी वर्गणी लागते, आणि टीम्ससाठी मायक्रोसॉफ्टने प्रमाणित केलेल्या एखाद्या मध्यस्थ सेवेची वर्गणी लागते. पेक्सिप ही त्यांतली एक. या वर्गण्या दरवर्षीच्या असतात. म्हणून गेल्या सहा महिन्यांच्या बैठका कागदावर मांडाव्यात : किती बैठका फक्त आपल्या शाखांच्या होत्या, आणि किती बैठकांत लेखापरीक्षक, सॉफ्टवेअर कंपनी किंवा अन्य बाहेरची माणसे आपापल्या लॅपटॉपवरून आली होती. बाहेरची माणसे वारंवार येत असतील तर मल्टिपॉइंट की हा चुकीचा खर्च आहे. बैठका जवळजवळ सगळ्या घरच्याच असतील, लाइन आपल्या खाजगी जाळ्यातली असेल आणि थकीत कर्जांची, तडजोडीची, कर्मचाऱ्यांच्या चौकशीची चर्चा बाहेरच्या कोणत्याही सर्व्हरवरून जाऊ नये अशी संचालकांची इच्छा असेल, तर मात्र याच कीला पर्याय नाही. माझ्याकडच्या सहकारी संस्थांनी ही की घेतली त्यामागे बहुधा हेच कारण होते. चित्राच्या दर्जासाठी ती कोणी घेतल्याचे मला आठवत नाही.

दोन्ही एकत्र करण्याचा मोह होतो. होस्टवरून शाखा जोडायच्या आणि त्याच होस्टवरून एक कॉल झूममध्ये टाकायचा. हे जमते, मी अडचणीच्या वेळी केलेही आहे. परंतु झूमवरच्या माणसाला आपली पाचही ठिकाणे मिळून टपाल तिकिटाएवढ्या एका चौकटीत दिसतात. एखाद्या वेळी चालवून घ्यावे, दरमहा नाही.

स्काइप फॉर बिझनेसची की कोटेशनमधून काढून टाकायला सांगावी. मायक्रोसॉफ्टने स्काइप फॉर बिझनेस ऑनलाइन ही सेवा ३१ जुलै २०२१ रोजी बंद केली. आपल्या बँकेचा स्वतःचा त्या प्रकारचा सर्व्हर असता तर गोष्ट वेगळी होती, पण तो असता तर आपण प्रश्नात लिहिलेच असते. ही की टीम्सला जोडण्यासाठी चालेल असे कोणी सांगितले तर ते खरे नाही. पुरवठादाराचा हेतू वाईट असेल असे मी म्हणणार नाही. कोटेशनचे जुने नमुने वर्षानुवर्षे तसेच वापरले जातात. तरीही ही ओळ पाहिल्यावर बाकीच्या ओळीही मी दुप्पट बारकाईने वाचल्या असत्या.

१०८०पीच्या कीबद्दल माझे मत थोडे कडक आहे. मल्टिपॉइंटमध्ये पाच ठिकाणे एका पडद्यावर बसतात, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला पडद्याचा एक तुकडा येतो आणि ठिकाणे वाढली की यंत्र स्वतःच चित्राचा दर्जा खाली आणते. शिवाय १०८०पी दोन्ही टोकांना हवे. शाखांतील एचडीएक्स यंत्रे ७२०पीचीच असतील तर सांगलीची की त्यांचे चित्र सुधारणार नाही. एक साधा हिशेब करून पाहावा. ५५ इंची पडद्याची उंची साधारण साडेअडुसष्ट सेंटिमीटर असते, म्हणजे ७२० ओळींतली प्रत्येक ओळ एका मिलिमीटरपेक्षा किंचित बारीक. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा फरक वेगळा दिसतो, आणि त्या मापाने सव्वातीन मीटरच्या, म्हणजे साडेदहा-अकरा फुटांच्या पलीकडे बसलेल्या माणसाला ७२० आणि १०८० यांतला फरक कळत नाही. संचालक मंडळाच्या लांब टेबलाशी त्या अंतराच्या आत फार तर दोघे-तिघे बसतात. वैद्यकीय महाविद्यालयाने त्वचारोगाच्या रुग्णाची दूरस्थ तपासणी करण्यासाठी हा प्रश्न विचारला असता तर माझे उत्तर उलट असते; तिथे एकच समोरचे ठिकाण असते आणि बारीक तपशीलच पाहायचा असतो.

मात्र इथे एक अपवाद आहे. बँकेच्या बैठकीत चेहऱ्यांपेक्षा तक्ते अधिक पाहिले जातात. एनपीएचा, म्हणजे थकीत कर्जांचा, वीस स्तंभांचा तक्ता पडद्यावर टाकला आणि आकडे वाचता आले नाहीत तर बैठक फुकट जाते. तक्ता एच.२३९ या पद्धतीने चित्रापासून वेगळ्या, दुसऱ्या प्रवाहात जातो. त्याचा दर्जा वेगळा ठरतो आणि त्यासाठी लागणारी बँडविड्थ त्याच कॉलमधून कापून घेतली जाते. तक्ता हलत नाही, त्यामुळे सेकंदाला पाच फ्रेम मिळाल्या तरी पुरे, पण प्रत्येक अंक स्पष्ट हवा. म्हणून पुरवठादाराला असा नेमका प्रश्न विचारावा : मल्टिपॉइंट चालू असताना, १०८०पीची की नसली तर, तक्त्याचा प्रवाह किती दर्जाचा जातो, आणि जुन्या एचडीएक्सवर तो वेगळ्या प्रवाहात दिसतो की चेहऱ्यांच्या जागी येऊन बसतो? उत्तर समाधानकारक नसेल तर तेवढ्यासाठी ही की विचारात घ्यावी, चेहऱ्यांसाठी नको. सभागृहात दुसरा पडदा नसेल तर मी १०८०पीच्या आधी दुसऱ्या पडद्यावर खर्च करीन : एका पडद्यावर माणसे, दुसऱ्यावर तक्ता. ग्रुप ५०० ला दुसरा पडदा थेट जोडता येतो. काही यंत्रांत, उदाहरणार्थ एसएक्स२० मध्ये, दुसऱ्या पडद्यासाठीही वेगळी ऑप्शन की विकली जात असे.

कोटेशनमध्ये नसलेली आणि माझ्या मते सगळ्यांत आधी करायची गोष्ट म्हणजे आवाज. दोन ठिकाणांच्या कॉलमध्ये एका खोलीचा गोंगाट ऐकू येतो, पाच ठिकाणांच्या कॉलमध्ये पाचही खोल्यांचा गोंगाट एकत्र मिसळून ऐकू येतो. शिवाय पडद्यावर मोठे चित्र कोणाचे दाखवायचे हे यंत्र आवाजावरून ठरवते. सोलापूरला मेच्या महिन्यात कूलर सुरू असला की अध्यक्ष बोलत असतानाही पडद्यावर सोलापूरचे रिकामे टेबल येते. सर्व शाखांचे माइक सुरुवातीलाच बंद ठेवण्याची शिस्त, माइकपासून चहाच्या कपबशा दूर, आणि मोठ्या टेबलाला गरज असेल तर एक जास्तीचा माइक, एवढ्याने जो फरक पडतो तो कोणत्याही कीने पडत नाही. चौकटींची मांडणी आपोआप न ठेवता सगळ्यांना समान चौकट अशी ठेवली तरी पडद्याचे हे उड्या मारणे थांबते.

मांडणीच्याच ओघात दोन सेटिंग सांगतो. येणारा कॉल आपोआप उचलण्याची सोय दोन ठिकाणांच्या कॉलसाठी आणि मल्टिपॉइंटसाठी वेगवेगळी असते. दुसरी बंद ठेवावी, नाहीतर बैठक चालू असताना कोणीही थेट आत येऊन बसतो. यंत्राला पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट पोहोचता येणारा पत्ता, दिलेला असेल तर हा धोका फार मोठा आहे, कारण इंटरनेटवर अशी यंत्रे शोधत फिरणारे स्वयंचलित कॉल रात्रंदिवस येत असतात. आणि एन्क्रिप्शन, म्हणजे कॉल सांकेतिक रूपात पाठवणे, ‘आवश्यक’ असे ठेवावे. ‘शक्य असेल तेव्हा’ असे ठेवले तर एखादी शाखा उघड्या कॉलने जोडली गेली तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

राहिला सपोर्ट आणि यंत्राचे उरलेले आयुष्य. या धंद्यात कंपन्यांचे मालक बदलत राहतात : टँडबर्ग २०१० मध्ये सिस्कोकडे गेली, पॉलिकॉम २०१८ मध्ये प्लँट्रॉनिक्सकडे आणि तिथून २०२२ मध्ये एचपीकडे. प्रत्येक बदलात की मिळवण्याची संकेतस्थळे बदलतात आणि जुन्या नोंदी शोधणे अवघड होते. आपल्याकडच्या पाचही यंत्रांच्या कीची नोंद आजच एका तक्त्यात, सिरीयल नंबरसह, करून ठेवावी. पुरवठादाराकडून ग्रुप ५०० च्या सपोर्टची शेवटची तारीख उत्पादकाच्या पत्रावर मागावी, त्याच्या स्वतःच्या लेटरहेडवर नको. मग कीची किंमत उरलेल्या वर्षांनी भागावी आणि येणाऱ्या आकड्याची तुलना झूम किंवा टीम्सच्या वार्षिक वर्गणीशी करावी. एचडीएक्स यंत्रांवर मात्र आता एक रुपयाही घालू नये. चालतात तोवर शाखेत चालू द्यावीत. बंद पडतील तिथे नवीन यंत्र घेताना ते क्लाउडच्या सेवा आणि एच.३२३ दोन्ही बोलते का ते पाहावे.

थोडक्यात माझा क्रम असा लागतो. सपोर्टची तारीख उलटून गेली असेल तर कोटेशनमधले काहीच घेऊ नये, आणि तो पैसा सांगलीच्या सभागृहातील नव्या यंत्रासाठी बाजूला ठेवावा. तारीख दोन-तीन वर्षे पुढे असेल, बैठका घरच्याच असतील आणि सहा ठिकाणांची मर्यादा संचालकांना मान्य असेल, तर एकट्या सांगलीच्या यंत्रावर मल्टिपॉइंट की आणि सोबत सपोर्ट घ्यावा. १०८०पी तक्त्यांच्या चाचणीनंतर ठरवावे. स्काइपची ओळ खोडावी.

की विकत घेण्यापूर्वी मुदतीची चाचणी की मागावी. अशा की दिल्या जातात, फक्त मागाव्या लागतात. चाचणी पुरवठादाराच्या कार्यालयात नको, आपल्याच लाइनवर हवी, आणि कामाच्या सोमवारी सकाळी अकरा वाजता हवी, जरी प्रत्यक्ष बैठक आपण संध्याकाळी घेणार असाल तरी. सगळ्या शाखा जोडून किमान दोन तास कॉल चालू ठेवावा, रत्नागिरीहून तक्ता दाखवायला लावावा, एका शाखेची लाइन मुद्दाम काढून पुन्हा जोडावी, आणि मुख्य कार्यालयाची वीज बंद करून जनरेटरवर जाऊन पाहावे. यंत्राच्या कॉल माहितीच्या पानावर प्रत्येक शाखेचा पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवलेल्या पॅकेटचे प्रमाण, दिसतो. तो एक टक्क्याच्या वर जाणारी शाखा कोणती ते लिहून ठेवावे, कारण खर्च बहुधा तिथे करावा लागतो.

चाचणी झाली की सांगलीच्या लाइनचा बैठकीच्या वेळचा अपलोडचा वेग आणि ग्रुप ५०० च्या सपोर्टची शेवटची तारीख इथेच कळवावी. या दोन गोष्टी हाती आल्या की पुढच्या वर्षीच्या सात ठिकाणांबद्दल मला नेमके लिहिता येईल.